तिसऱ्या गिअरातला सा

आमच्या गाडीच्या नाकावर विंचू बसवलेला आहे, हे सासऱ्यांना पहिल्याच दिवशी खटकलं होतं. "शुभ दिसत नाही," एवढंच म्हणाले. मी त्यांना सांगितलं की कार्लो अबार्थ नावाच्या माणसानं १९४९ साली इटलीत कंपनी काढली, त्याची रास वृश्चिक, म्हणून त्यानं ती गाडीच्या कपाळावर लावली. सासऱ्यांनी क्षणभर विचार केला. "माझी कन्या," म्हणाले. ते राशीबद्दल बोलत होते की माझ्या बायकोबद्दल, ते मी विचारलं नाही.

गाडी म्हणजे अबार्थ पुंटो. ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली तेव्हा ९ लाख ९५ हजारांना होती. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, पाच गिअर आणि ते हातानं टाकायचे. मी घेतली सेकंडहँड, एका आयटीतल्या मुलाकडून. त्याला जुळं झालं होतं. पाच दारांच्या गाडीला स्पोर्ट्स कार म्हणावं का, यावर वाद होऊ शकतो. मी तो होऊ देत नाही. शिवाय हिचा जन्म रांजणगावचा, नगर रोडला, थेट महागणपतीच्या गावात. हे कळल्यावर सासऱ्यांचा विंचवावरचा राग थोडा उतरला.

आता १४५ घोडे घेऊन माणूस कोथरूडमध्ये काय करतो? नळ स्टॉपच्या सिग्नलला उभा राहतो. एकशेतीस घोडे पेंड खात असतात, पंधरा गाडी ओढतात. अशा वेळी गाडीतली एकच गोष्ट खऱ्या अर्थानं आपल्या हातात असते, ती म्हणजे गिअरचा दांडा. पहिला, दुसरा, न्यूट्रल, पहिला, दुसरा. कर्वे पुतळ्यापासून डेक्कनपर्यंत साठ वेळा तरी. त्यामुळे माझं सगळं लक्ष त्या दांड्यावर गेलं, यात माझी चूक नाही. वाहतुकीची आहे.

मला वाटायला लागलं की दांडा फार लांब फिरतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना माझा हात जणू एखाद्या पेठेतून दुसऱ्या पेठेत जातोय. आणि पोचल्यावरही गिअर बसला की नाही ते नक्की कळत नाही. उकडलेल्या बटाट्यात चमचा खुपसल्यासारखं. गाडी तेव्हा नऊ वर्षांची होती, हे वाक्य कृपया लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून हा लेख.

मग रात्री जेवणानंतर व्हिडिओ बघणं सुरू झालं. शॉर्ट शिफ्टर नावाची एक चीज असते. तत्त्व हातपंपाचं आहे. दांडा ज्या बिंदूवर टेकलेला असतो तो बिंदू वर उचलायचा, म्हणजे वरचा भाग आखूड होतो आणि खालचा लांब. हाताला कमी फिरावं लागतं, खालची केबल तेवढीच हलते. अर्थात हातपंपाचा दांडा आखूड केला की पाणी उपसायला जोर जास्त लागतो, तसं इथंही होतं. पण व्हिडिओतल्या माणसांचे दंड बघता त्यांना ते जाणवत नसावं. 'खटक्' असा आवाज करत ते गिअर टाकत, आणि मी सोफ्यावर बसून डाव्या हातानं हवेत दुसरा-तिसरा करी. एकदा उशीला मारला.

"त्याचा आवाज येतो का?" बायकोनं विचारलं. ती गाणं शिकवते. घरात कूकरची शिट्टी बेसूर झाली तरी तिला चालत नाही.

"आवाज न करणारा घेणार आहे," मी म्हणालो. आणि तिथून शोधाला खरी दिशा लागली, म्हणजे दिशाच हरवली. कारण बाजारात शॉर्ट शिफ्टर भरपूर आहेत, पण त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आवाज हा दोष वाटतच नाही. अॅल्युमिनियमचा, पितळी बुशचा (बुश म्हणजे सांध्यात बसणारं कडं), बेअरिंगवाला. प्रत्येकाखाली लिहिलेलं, की सांध्यातलं रबर काढून टाकल्यामुळे गिअर थेट जाणवतो. ते रबर तिथं मुळात कशाला बसवलं होतं, हे कुणीच सांगत नाही. तसं बघायला गेलं तर कार्लो अबार्थचं नाव झालं तेच गाड्यांचे सायलेन्सर विकून, ज्यांचा आवाज लोकांना आवडायचा असे सायलेन्सर. मी त्या माणसाच्या विंचवाखाली बसून शांतता शोधत होतो.

आधी म्हटलं, देशी बघू. नाना पेठेत गेलो. एका दुकानात वरपर्यंत क्लचप्लेटा रचलेल्या, मधल्या फटीत काका.

"कुठली गाडी?"

"अबार्थ."

"काय?"

"अबार्थ. पुंटो."

"मग पुंटो म्हणा की. गिअर पडत नाही का?"

"पडतो."

"मग?"

या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "लांब पडतो," मी म्हणालो.

काकांनी चष्म्यावरून माझा खांदा, कोपर, मनगट असं क्रमानं बघितलं. "सीट पुढं घेऊन बघा," म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

शेवटी बाहेरून मागवला. कस्टम धरून १८ हजार. बायकोला मी ११ सांगितले, आणि हे ती वाचणार आहे हे मला माहीत आहे. खोका उघडल्यावर तो दांडा इतका देखणा दिसला की मी दोन दिवस तो टीव्हीशेजारी ठेवला. कामवाल्या मावशींनी त्याच्यावर गणपतीचा हार वाळत घातला.

धायरीच्या मिस्त्रीनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला, टोकाच्या धातूच्या बुशवर नख वाजवलं. टिंग् झालं. "साहेब, हा बोलणार," तो म्हणाला.

"बोलणार म्हणजे?"

त्यानं मला खाली वाकवून दाखवलं. गिअरबॉक्सवरून दोन केबल दांड्यापर्यंत येतात. एक डावी-उजवीकडची लाइन निवडते, दुसरी पुढं-मागं ढकलते. इंजिन सतत थरथरत असतं, ती थरथर केबलीतून वर यायला बघते, आणि केबलीच्या टोकाला रबराचे बुश असतात ते तिला वाटेतच गिळतात. "तुम्ही रबराच्या जागी धातू घातला की मधला माणूस गेला. इंजिन थेट तुमच्याशी बोलणार." मी म्हणालो, मला तेच हवंय. मिस्त्री बरं म्हणाला. मिस्त्री लोकांच्या 'बरं'मध्ये काय काय असतं, ते बिल देताना कळतं.

पहिली चक्कर मारली ती धायरीतून बाहेर, बायपासवर. काय सांगू! मनगट नुसतं हललं की गिअर. खटक्, खटक्. दुसऱ्यातून तिसरा म्हणजे देवघरातली घंटी हलवावी इतकंच. मी उगाच गिअर बदलत होतो. नऱ्ह्यापासून वारज्यापर्यंत मी एकोणीस वर्षांचा होतो.

वारज्याला तिसऱ्या गिअरात इंजिनच्या फेऱ्यांचा काटा ३१०० वर गेला आणि दांडा गायला लागला.

खडखड नव्हती ती. घूंऽऽ असा सलग, भरीव आवाज, आणि तळहाताला मुंग्या. ३०००ला नाही, ३३००ला नाही, बरोबर ३१००च्या आसपास. संध्याकाळी बायकोला घेऊन गेलो. तिनं डोळे मिटले, एक बोट वर केलं आणि म्हणाली, "काळी चार."

मला वाटलं, ही कुठल्यातरी गाडीबद्दल बोलतेय. "अहो, सूर. काळी चार लागलीये, पेटीची चौथी काळी पट्टी. खालच्या सप्तकातली."

घरी येऊन मी कागदावर मांडलं. चार सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात दोनदा धडधडतं. मिनिटाला ३१०० फेरे, म्हणजे सेकंदाला १०३ धडधडी. काळी चारचा खालचा सूर १०४च्या जरा अलीकडं. बाईचा कान होता की मोजपट्टी! तिच्या क्लासातल्या निम्म्या मुली काळी चारमध्ये गातात. मी १८ हजार, चुकलो, ११ हजार खर्चून गाडीत तंबोरा बसवला होता.

आता उपाय. एक मित्र म्हणाला, वजनदार नॉब लाव. स्टीलचा, अर्धा किलोचा. त्याच्या जडपणानं गिअर आपोआप घरात जाऊन पडतो आणि थरथर बसते. पहिला नॉब आला त्याच्या आट्याच जुळेनात. दुसरा जुळला. गिअर खरोखर लोण्यासारखा पडायला लागला. थरथर मात्र बसली नाही, उतरली. ३१००वरून २६००वर. बायकोनं पुन्हा बोट वर केलं. "पांढरी चार." म्हणजे वजन वाढवलं की सूर खाली येतो, हे भौतिकशास्त्र मला आठवीत शिकवलं होतं आणि मी तेव्हाही खिडकीबाहेरच्या स्कूटरी बघत होतो. त्यातही २६०० हा तर माझा रोजचा आकडा. पूर्वी दांडा कधीमधी गायचा, आता अखंड नामसप्ताह.

आणि स्टीलचा गोळा एप्रिलमध्ये पुण्याच्या उन्हात दोन तास उभ्या गाडीत काय होतो, हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. लक्ष्मी रोडवरून खरेदी करून आलो, पहिला टाकला, आणि जो शब्द तोंडातून गेला तो सासऱ्यांनी मागच्या सीटवरून ऐकला. तेव्हापासून नॉबवर लोकरीचं टोपडं असतं. भाच्याच्या बारशाचं आहे. गोंडा आहे त्याला.

मग मी दांड्याभोवती फोम भरला. फेल्ट भरलं. कन्सोल उघडून डांबरी शीट चिकटवलं, त्याचा वास गाडीला अजून आहे. मोबाइलवर आवाज मोजायचं अॅप घेतलं. सरकारी नियमानं रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. आमची गाडी ७१ दाखवत होती. मी हे तक्रारीच्या सुरात सांगितलं, तर बायकोनं फोन हिसकावून क्लासात नेला. तबला धरून ७८. विषय तिथंच संपला. सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो तेव्हा खाली एआरएआयचं आवार दिसतं. १९६६ साली निघालेली ही संस्था तिथं गाड्या तपासते, त्यांचा आवाजही मोजते. दोनदा कुंपणाशी थांबलो. पण गेटवर काय सांगणार, की दांडा पांढरी चारमध्ये आहे?

"जवारी बघा," बायको एकदा म्हणाली. तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा सरकवतात, त्यानं नाद खुलतो किंवा मरतो. "मधे काहीतरी मऊ घाला."

मधे काहीतरी मऊ. मी भोसरीला गेलो, एमआयडीसीतल्या एका गाळ्यात, मित्राच्या ओळखीनं. सत्तरीचे एक टर्नर, कानाला पेन्सिल. धातूचा बुश मी त्यांच्या हातावर ठेवला आणि हाच, पण प्लॅस्टिकचा पाहिजे म्हणालो. त्यांनी डेलरिनचा पांढरा रॉड लेथला लावला. पात्यातून शेवया निघाव्यात तशी लांबच लांब पांढरी वळी निघून ट्रेमध्ये साचत होती. दर मिनिटाला ते यंत्र थांबवून मायक्रोमीटर लावत, डोळा बारीक करत, आणि माझ्याकडे न बघता मान हलवत.

"ढिला ठेवू का घट्ट?"

"गप्प ठेवा," मी म्हणालो.

ते पहिल्यांदा हसले. "घट्ट केला तर बोलेल, ढिला केला तर वाजेल. गप्प बसायचं काम रबराचं. जुनं रबर आणलंय का?"

ते मिस्त्रीनं पिशवीत घालून दिलं होतं. मी दाखवलं. त्यांनी ते दोन बोटांत दाबलं, आणि नऊ वर्षांच्या त्या रबराचा चकलीसारखा तुकडा पडला. त्यांनी तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "लांब पडत होता म्हणता ना? निम्मा लांब तर यानं पडत असणार. नवं टाका आधी. लेथचे पैसे नकोत."

नवे बुश दोन्ही केबलींचे मिळून ३४० रुपयांना मिळाले. नाना पेठेत. त्याच काकांकडे. त्यांनी मला ओळखलं, "सीट पुढं घेतली का?" म्हणाले.

मिस्त्रीनं मूळ दांडा परत बसवला, नवं रबर घातलं, वर तो जड नॉब ठेवला, टोपड्यासकट. खटक् नाही, पण टप् असा गिअर बसतो आता. दांडा पूर्वीइतकाच फिरतो, फक्त वाटेत हरवत नाही. ३१००ला शांत. २६००ला शांत.

परवा रविवारी रांजणगावला निघालो. मागं क्लासातल्या दोन मुली, पुढं बायको. तिथल्या उत्सवात त्यांचं गाणं होतं. वाघोली मागं पडली, रस्ता मोकळा झाला, तशी बायको म्हणाली, "तिसऱ्यात घ्या जरा. एकतीसशेवर धरा." मी धरला. तिनं डोळे मिटले. मागच्या दोघींनी श्वास घेतला, आणि तशाच थांबल्या. टायरचा आवाज तेवढा येत होता.

"अहो, सा कुठं गेला?"

"डिकीत आहे," मी म्हणालो. "जुन्या टॉवेलात गुंडाळलाय."