गॅलिलिओ व्हायचं असेल तर

आधी डॉक्टरकी अर्धवट सोडा. बाप ल्यूट वाजवणारा कलावंत असला, तरी पोराने डॉक्टरच व्हावं हा हट्ट पिसा शहरातही होताच. १५८५ मध्ये पदवीविना विद्यापीठ सोडायचं आणि चार वर्षांनी तिथेच गणित शिकवायला रुजू व्हायचं.

दुर्बिणीचा शोध लावत बसू नका. ती हॉलंडात आधीच निघाली आहे; तुमची तिच्याहून सरस असली की झालं. १६०९ च्या ऑगस्टमध्ये व्हेनिसच्या वयस्क सरदारांना सेंट मार्कच्या घंटाघरावर चढवा आणि दूरची जहाजं दाखवा. ग्रहताऱ्यांचं नाव काढू नका. शत्रूचं शीड आधी दिसतं म्हटल्यावर व्हेनिसच्याच ताब्यातल्या पादुआ विद्यापीठातली तुमची नोकरी तहहयात होते, पगार हजार फ्लोरिनवर जातो. मग वर्षाच्या आत ती सोडा.

कारण जानेवारी १६१० मध्ये गुरूभोवती चार चंद्र सापडतात आणि टस्कनीचा ड्यूक कोझिमो मेदिची हा तुमचा जुना शिष्य. त्याला धरून भाऊही चारच! असा योग सोडतं का कोणी? बारसं करण्याआधी ड्यूकच्या सचिवाला पत्र टाका: नाव एकट्या साहेबांचं देऊ की घराण्याचं? घराण्याचं ठरतं आणि तुम्ही दरबारी गणिती होता. शिकवायचीही कटकट नाही.

इथवर कोणालाही जमेल. खरं कसब मिळालेली मर्जी घालवण्यात आहे. ‘पृथ्वी फिरते असं मानू नका’ ही चर्चची १६१६ ची तंबी खिशात ठेवा. तुमच्यावर स्तुतिपर कविता रचणारा बार्बेरिनी १६२३ मध्ये पोप होतो आणि सांगतो, देव हवं ते हव्या त्या रीतीने घडवू शकतो, हा माझा मुद्दा तुमच्या पृथ्वी-सूर्याच्या वादावरच्या संवादरूपी पुस्तकात घ्या. जरूर घ्या! फक्त पृथ्वी स्थिर मानणाऱ्या आणि पुस्तकभर तोंडावर आपटणाऱ्या सिंप्लिचिओ या पात्राच्या तोंडी घाला, तोही अगदी शेवटी. शिवाय भरती-ओहोटी हा पृथ्वी फिरत असल्याचा हुकमी पुरावा म्हणून ठोकून द्या. तो साफ चुकीचा आहे, पण भरतीचं कारण म्हणून चंद्राकडे बोट दाखवणाऱ्या खगोलज्ञ केप्लरला टोमणा मारायची संधी कशाला दवडा?

मग चर्चचा खटला, आणि २२ जून १६३३ ला रोममध्ये गुडघे टेकून ‘पृथ्वी फिरते हे मत सोडलं’ अशी शपथ घ्यावी लागेल. ‘तरीही ती फिरतेच’ असं पुटपुटू नका, ते पुढचे लोक तुमच्या नावावर घालतात. शिक्षेत तीन वर्षं दर आठवड्याला सात स्तोत्रं म्हणायची असतात. तो भार मुलगी आपल्या अंगावर घेते. अनौरस पोरीचं लग्न कुठे जमायचं म्हणून तुम्हीच कोवळ्या वयात मठात धाडलेली.

मग शिक्षेपायी घरात कोंडलेले असताना आयुष्यातलं सर्वांत भरीव पुस्तक लिहा, गतीचं आणि पदार्थांच्या मजबुतीचं. छापायला बंदी आहे, म्हणून हस्तलिखित बाहेर जाऊ द्या. १६३८ मध्ये ते लायडनला छापलं जाईल. प्रस्तावनेदाखलच्या पत्रात लिहा की, हे छापायला गेलंय हे ऐकून मी तर थक्कच झालो.