ते केस, ती मान आणि दहा वाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

किनाऱ्यावर वाहून येणाऱ्या ‘राक्षसां’वरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि रागाने लिहिलंत. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. तुमच्या वडिलांनी लहानपणी भर पावसाळ्यात गावच्या पुळणीवर आलेलं एक धूड पाहिलं. अंगभर पांढरे केस, लांब निमुळती मान, तोंडाचा पत्ता नाही, बाजूला माणसाच्या हातासारखा पंजा. दोर लावून मोजलं तर दहा वाव (हात पसरून मोजायचं माप) भरलं. जवळच सापडलेले त्याचे दोन ‘सुळे’ देवळामागे रोवले, ते आजही उभे आहेत. मी मात्र अशा वर्णनांना ‘अफवा’ म्हटलं आणि कोकणातली अशी धुडं म्हणजे ब्रायड्स व्हेल या जातीचे देवमासे असं सांगून मोकळा झालो. तुमचं शेवटचं वाक्य होतं, “तुम्हा लोकांना समुद्रात काही मोठं उरलेलंच नकोय.”

‘अफवा’ हा शब्द मी मागे घेतो. तुमच्या वडिलांनी पाहिलेली एकही गोष्ट मला खोटी वाटत नाही. दिसलं ते खरंच तसं होतं, फक्त जिवंतपणी तो प्राणी तसा नव्हता. लेखात मी हे नीट उलगडलं नाही, म्हणून आता एकेक मुद्दा घेतो.

आधी केस, कारण सगळ्यात जास्त गोंधळ त्यांनीच होतो. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात कुजवून काथ्या काढतात, ते तुम्ही पाहिलं असेल. मऊ भाग कुजून धुतला जातो आणि चिवट धागे उरतात. देवमाशाच्या चरबीचं तसंच होतं. वरची काळी कातडी पातळ असते, ती मेल्यावर काही दिवसांतच सोलून निघते. खालचा चरबीचा थर नुसत्या तेलाचा नसतो, त्यात कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या धाग्यांचं दाट विणकाम असतं. तेल पाझरून गेलं आणि लाटांनी ते विणकाम पिंजलं की पांढरट, राठ धागे लोंबू लागतात. दहा पावलांवरून ते केसच दिसतात. हाताला लागतात तेही केसांसारखेच. २००३ साली चिलीच्या किनाऱ्यावर सुमारे १२ मीटर लांबीचा असाच एक बिनहाडांचा गोळा आला होता. महाकाय ऑक्टोपसपर्यंत तर्क गेले. पुढच्या वर्षी डीएनए तपासला तेव्हा तो स्पर्म व्हेल या दात असलेल्या देवमाशाचा निघाला.

मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, जातीतही ‘केस’ निघतात, पण वेगळ्या कारणाने. मुशीच्या परांत शिंगासारख्या पदार्थाचे बारीक, ताठ तंतू असतात. पर कुजला की ते कुंचल्यासारखे मोकळे होतात. १९७७ मध्ये न्यूझीलंडजवळ एका जपानी ट्रॉलरच्या जाळ्यात सुमारे १० मीटरचं सडलेलं धूड आलं. लांब मान, छोटं डोकं, चार वल्ह्यांसारखे अवयव. जगभर बोभाटा झाला की डायनोसॉरच्या काळातला सागरी सरपटणारा प्राणी सापडला. सडका वास इतर मासळीला लागेल म्हणून खलाशांनी धूड परत समुद्रात टाकलं, पण पराचे काही तंतू ठेवून घेतले. त्यांतली अमिनो आम्लं बास्किंग शार्कच्या तंतूंशी जुळली. बास्किंग शार्क थंड पाण्यातला. आपल्या बाजूचा तेवढा मोठा मासा म्हणजे व्हेल शार्क, तोही मुशीच्याच कुळातला.

मग तुमच्या वडिलांनी पाहिलं ते धूड मुशीचं की देवमाशाचं? हे तुमच्याच प्रतिक्रियेतल्या एका शब्दाने ठरतं : पंजा. देवमासा सस्तन प्राणी. त्याच्या वल्ह्यासारख्या पराच्या आत खांद्यापासून खाली एक जाड हाड, मग दोन हाडं, मग मनगट आणि बोटं अशी आपल्या हातासारखीच रचना असते. वरचं मांस गळलं की ती उघडी पडते. मुशीच्या परात असा हात कधीच नसतो. वडिलांना एवढंच विचारा, बोटं किती होती? आपल्या समुद्रात येणाऱ्या मोठ्या, गळ्याखाली पन्हाळीसारख्या चुण्या असलेल्या देवमाशांना चार बोटं असतात, स्पर्म व्हेलला पाच. टोकाची हाडं आधी गळतात, त्यामुळे चारपेक्षा कमी आठवली तर त्यावरून काही ठरवू नये.

आता मान. जिराफ असो, माणूस असो की देवमासा, मानेचे मणके सातच. देवमाशात ते इतके चपटे आणि दाटीने बसलेले असतात की मान नाहीच म्हणावी. मग लांब मान आली कुठून? धूड समुद्रात तरंगत असताना खालचा जबडा लवकर सुटतो, त्यामागोमाग कवटीही निखळते. म्हणून तोंडाचा पत्ता नाही. दुसऱ्या टोकाला शेपटीचे दोन आडवे पंख असतात, त्यांत हाडच नसतं, तेही कुजून पडतात. उरतो तो शेपटीच्या मणक्यांचा हळूहळू बारीक होत गेलेला दांडा. डोकं नसलेल्या धडाला असा दांडा दिसला की कोणीही त्याला मान म्हणेल आणि धूड उलटं वाचेल. त्यात दोष पाहणाऱ्याचा नाही.

देवळामागचे ‘सुळे’ ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिलीत! ती बहुधा खालच्या जबड्याची दोन हाडं असावीत. दातांऐवजी तोंडातल्या झालरीसारख्या गाळणीने खाणाऱ्या देवमाशाच्या जबड्याच्या दोन्ही बाजू पुढे हाडाने सांधलेल्या नसतात, त्यामुळे त्या धनुष्यासारख्या दोन वेगळ्या कमानी होऊन सुटतात. हत्तीचा सुळा भरीव आणि गुळगुळीत असतो. हे हाड आतून स्पंजासारखं सच्छिद्र असतं, पावसात राहून पृष्ठभाग खरबरीत होतो, एका टोकाला सांध्याचा मोठा गठ्ठा असतो आणि कडेने नसा जाण्यासाठी लहान भोकांची रांग असते. दातांचे खळगे नसतात. अशा हाडांचा वापर आपल्या समुद्राच्या काठावर फार जुना आहे. इ. स. पू. ३२५ मध्ये सिंधूच्या मुखाकडून पश्चिमेला निघालेल्या, अलेक्झांडरचा नौसेनापती निआर्कस याच्या आरमाराला मकरानच्या (आजच्या पाकिस्तान-इराणच्या) किनाऱ्यावर देवमाशांच्या हाडांची घरं बांधणारे लोक भेटले, जबड्याच्या हाडांची दारं केलेली. वाटेत देवमाशांचे फवारे पाहून खलाशांच्या हातातली वल्ही गळून पडली होती.

आणि आता माझी चूक. दहा वाव म्हणजे साठ फूट असा हिशेब तुम्ही केलात. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरची लांबी, ती माणसाच्या उंचीएवढीच भरते. साडेपाच फुटी माणसाचे दहा वाव म्हणजे ५५ फूट. दोर फुगलेल्या पाठीवरून टाकला असेल तर वळणाचे दोन-चार फूट आणखी वजा करा. तरीही ५० फुटांच्या वर उरतात, आणि तेही कवटी नसताना. ब्रायड्स व्हेल सहसा ४० ते ५० फुटांत संपतो. म्हणजे वडिलांचा आकडा धरला तर चुकलो मीच. तो फिन व्हेल किंवा निळा देवमासा असण्याची शक्यता जास्त. निळा देवमासा पूर्ण वाढल्यावर ८० फुटांच्या पुढे जातो. जून २०१५ मध्ये अलिबागजवळ रेवदंड्याला आलेला निळा देवमासा सुमारे ४२ फुटांचा होता, म्हणजे अजून वाढीला लागलेला. त्याच वर्षी सिंधुदुर्गच्या समुद्रात संशोधकांना जिवंत निळे देवमासे दिसले होते. समुद्रात मोठं काही उरलेलं नको असं मला वाटत नाही. पृथ्वीवर आजवर होऊन गेलेल्या सगळ्यात मोठ्या प्राण्यांत ज्याची गणना होते, तो आपल्या देवगड-मालवणसमोरून जातो. हे मला कोणत्याही राक्षसाहून मोठं वाटतं.

तिमिंगिलाची गोष्ट सांगून ‘पूर्वजांना ठाऊक होतं’ असंही तुम्ही लिहिलंत. त्यातलं अर्धं मला मान्य आहे. तिमि म्हणजे प्रचंड मासा, त्याला गिळणारा तो तिमिंगिल, आणि त्यालाही गिळणारा तिमिंगिलगिल. ही चढती भाजणी कल्पनेची. पण रघुवंशाच्या तेराव्या सर्गात राम विमानातून सीतेला समुद्र दाखवतो तो श्लोक पाहा. नदीच्या मुखाशी तिमि तोंड उघडून जीवजंतूंसकट पाणी आत घेतात, तोंड मिटतात आणि डोक्यावरच्या छिद्रांतून पाण्याचे झोत वर उडवतात. तोंड भरून पाणी घेणं आणि डोक्यावर छिद्र असणं, दोन्ही अचूक. चूक एवढीच की तोंडातलं पाणी डोक्यातून निघत नाही. ते गाळणीतून बाजूने जातं, आणि वर उडतो तो श्वास. निळ्या देवमाशाचा हा फवारा ३० फुटांपर्यंत चढतो. इतकं नेमकं कोणीतरी समुद्रावर पाहिल्याशिवाय कवीपर्यंत पोचणार नाही. जंजिऱ्याच्या दरवाजावरच्या, हत्तींना पंजात धरलेल्या शरभाबद्दल (सिंहासारख्या काल्पनिक प्राण्याबद्दल) मी असं म्हणणार नाही. ते सत्तेचं चिन्ह आहे, त्यामागे प्राणी शोधू नये.

पुढच्या पावसाळ्यात असं काही पुळणीवर आलं तर काय करावं, हेही तुम्ही विचारलंत. आधी वन विभागाला १९२६ वर कळवा. किनाऱ्यावर त्यांच्या कांदळवन (खारफुटी) कक्षाची माणसं येतात. फुगलेल्या धुडाला टोचू किंवा कापू नका, आत दाबाखाली वायू असतो आणि आतडी अंगावर येतात. फोटो काढताना माणूस धुडाच्या पुढे किंवा मागे नको, अगदी लगत उभा हवा, नाहीतर लांबीचा अंदाज दुपटीने चुकतो. मधोमध उभं राहून काटकोनात एक फोटो, मग डोकं, तोंडाच्या आतली गाळणी, पाठीवरचा पर आणि शेपूट यांचे वेगळे. डोक्यावर तीन उभ्या धारा दिसल्या तर ब्रायड्स व्हेल. एकच धार आणि पाठीवरचा पर अगदी लहान, फार मागे असेल तर निळा. लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. पुरायचं असेल तर उधाणाच्या रेषेच्या वर, खोल. खाली पुरलेलं धूड पुढच्या उधाणाला पुन्हा उघडं पडतं.

जिवंत असेल तर अंग ओलं ठेवा, पण डोक्यावरच्या छिद्रात पाणी जाऊ देऊ नका, आणि शेपटीला दोर बांधून ओढू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला आलेलं पिल्लू दोन दिवसांच्या प्रयत्नांनी खोल पाण्यात नेलं, तरी ते वाचलं नाही. इतक्या मोठ्या प्राण्याला वाळूवर स्वतःचंच वजन चिरडत असतं. जाळ्यात संरक्षित जीव अडकला आणि तो सोडवायला जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्रात २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. हे रापणवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांना, जरूर सांगा.

आता देवळामागच्या हाडांबद्दल. देवमासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणून हाड उपटणं, कापणं, तुकडा घरी नेणं नको. मोजायला हरकत नाही. टोकापासून टोकापर्यंत सरळ अंतर घ्या, वळणावरून वेगळं घ्या, जमिनीत किती गेलंय ते गावातल्या जुन्या माणसांना विचारून लिहा. जबड्याचं हाड साधारण शरीराच्या चौथ्या ते पाचव्या हिश्श्याएवढं असतं. जमिनीतला भाग धरून सरळ अंतर १३ फुटांच्या वर भरलं, तर ब्रायड्स व्हेल बाद. दोन्ही हाडं मोजा, कारण उन्हापावसाने टोकं झिजतात आणि एक नेहमी दुसऱ्यापेक्षा कमी भरतं. आकडे इथेच खाली लिहा, मी मूळ लेखात दुरुस्ती करतो.