पाचवी-दहावीतील लस आणि पालकांची सही

पल्स पोलिओचा रविवार आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही आणि बाळाच्या पहिल्या दीड-दोन वर्षांतील लसींसाठी आशाताई घरापर्यंत येतात. मूल शाळेत जाऊ लागले, की मात्र लसीकरणाचे कार्ड कपाटातल्या एखाद्या पिशवीत जाते ते तिथेच राहते. सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात एका माध्यमिक शाळेत शिकवत असताना पालकसभेत मी वारंवार विचारले आहे, की दहाव्या आणि सोळाव्या वर्षी मुलांना कोणती लस द्यायची असते. उत्तर आलेच तर ते "टीटी का?" असे, आणि तेही एखाद्या आईकडून येते.

ते उत्तर निम्मे बरोबर आहे. पूर्वी या वयात केवळ धनुर्वाताची टीटी दिली जात असे. आता तिच्या जागी टीडी आली आहे, म्हणजे धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण देणारी लस. बाळपणीच्या मात्रा आणि पाच-सहा वर्षांचे असताना मिळालेला ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील एकत्रित लसीचा) बूस्टर यांनी आलेली प्रतिकारशक्ती वयानुसार ओसरत जाते आणि म्हणूनच घटसर्प आता केवळ तान्ह्या मुलांचा आजार राहिलेला नाही. घशात राखाडी पडदा धरून श्वास कोंडणारा आणि आपल्या विषाने हृदयालाही इजा करणारा हा आजार शाळकरी मुलांत दिसतो. टीटी म्हणजे गरोदरपणात किंवा गंजका खिळा लागल्यावर घ्यायचे इंजेक्शन, हा समज इतका पक्का आहे, की धडधाकट मुलग्याला ते कशासाठी, असे पालक मनापासून विचारतात. त्यांना दोष देता येणार नाही, कारण त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

माझे मत असे आहे, की दहा ते सोळा वर्षांच्या मुलांना लस देण्यासाठी शाळेइतकी योग्य जागा दुसरी नाही. परंतु शाळा ही जागा आहे, पालक नव्हे. वर्गशिक्षकाने आदल्या दिवशी वहीत चिकटवलेली चिठ्ठी आणि तिच्यावर घाईत घेतलेली सही, एवढ्यावर संमतीचा विषय संपला असे मानण्याची आपल्याला सवय लागली आहे. चिठ्ठीत लसीचे नाव असते, ती कशासाठी हे नसते, आणि ताप आला किंवा दंड दुखला तर कोणाला फोन करायचा हे तर क्वचितच असते.

या हलगर्जीपणाची किंमत देशाने मोजलेली आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत असणाऱ्या एचपीव्ही विषाणूविरुद्धची लस २००९ मध्ये आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात एका प्रात्यक्षिक प्रकल्पात मुलींना देण्यात आली. तेथे कित्येक मुलींच्या बाबतीत पालकांऐवजी मुख्याध्यापक किंवा वसतिगृहाचे अधीक्षक यांच्या सह्या होत्या. काही मुलींच्या मृत्यूंनंतर गदारोळ झाला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही, तरी २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने संमतीच्या प्रकाराबद्दल कठोर ताशेरे ओढले. त्याच धक्क्यात आपल्या शेजारच्या बार्शीसह अनेक केंद्रांवर चाललेल्या याच लसीच्या दुसऱ्या एका अभ्यासातील लसीकरणही अर्धवट थांबले. दैवाचा खेळ असा, की लसीकरण थांबल्यामुळे ज्यांना एकच मात्रा मिळाली, त्या मुलींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला आणि एका मात्रेनेही भक्कम संरक्षण मिळते, हे जगाला कळण्यास त्यातून मोठी मदत झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये या वयोगटासाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला. लस चांगली होती, पण सह्या चुकीच्या माणसांच्या होत्या, आणि त्या अविश्वासाची सावली पुढे अनेक वर्षे राहिली.

२७ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्यात गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली, तेव्हाही मोबाइलवरच्या अफवा चिठ्ठ्यांच्या आधी घरोघरी पोहोचल्या होत्या. ज्या शाळांनी आधी पालकसभा घेऊन आरोग्यसेविकेला प्रश्नांची उत्तरे द्यायला उभे केले, त्यांचे काम सोपे झाले. माझ्या मते लसीकरणाच्या पंधरा दिवस आधी अशी सभा घेणे सक्तीचे असावे आणि नकार देणाऱ्या पालकाशी मुख्याध्यापकाने दरडावून बोलू नये.

एक व्यवहाराची गोष्ट येथेच सांगतो. या वयातील मुले सुईच्या भीतीने चक्कर येऊन पडतात. एक पडली की रांगेतील आणखी दोघीतिघींना गरगरते आणि दुपारपर्यंत गावभर "लसीमुळे पोरी पडल्या" अशी बातमी होते. मुलांनी डबा खाल्लेला असावा, टोचणी पडद्याआड, बसवून व्हावी आणि नंतर अर्धा तास त्यांना तेथेच थांबवावे, इतक्या साध्या व्यवस्थेने हा प्रकार बराचसा टळतो.

अवघड प्रश्न शाळेच्या पटाबाहेरचा आहे. सोळाव्या वर्षी कोणी आयटीआयला गेलेले असते, खानापूर-आटपाडीकडची मुले गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यात परराज्यांत पोहोचलेली असतात, काही मुलींची शाळा दहावीआधीच सुटलेली असते. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात बीडकडून ऊसतोडीची टोळी येते, तिच्यातल्या मुलांची नावे ना येथील हजेरीत असतात, ना त्या महिन्यांत गावाकडच्या. सांगली-सातारा भागातील कारखान्यांच्या गाळपाच्या याद्यांत टोळीमुकादमाची नोंद असतेच. तिच्यावरून मुलांची यादी करून प्राथमिक आरोग्य केंद्राला देणे कारखान्याच्या शेती विभागाला जड नाही. टोळ्या पहाटेच फडात जातात, तेव्हा त्यांच्यासाठी सत्र सकाळी दहाला न ठेवता संध्याकाळी खोपीवरच ठेवावे लागेल, आणि दिलेल्या लसीची नोंद आईबापाच्या हातात कागदावर द्यावी लागेल, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये गावी परतल्यावर तेथील नर्सबाईंना ती दाखवता येईल.