भीती वाटली म्हणजे विश्वास गेला का? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रभूमध्ये सलाम, बंधू.

आजाऱ्याच्या उशाशी बायबलमधली विलापाची स्तोत्रे, म्हणजे दुःख आणि तक्रार देवापुढे मांडणारी गीते, वाचावीत, विशेषतः स्तोत्र १३ आणि वेळ पडली तर ८८, असे मागच्या लेखात सुचवले होते. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. शास्त्रात ३६५ वेळा ‘भिऊ नको’ म्हटले आहे, म्हणून भीती हा अविश्वास आणि अविश्वास हे पाप. आजाऱ्यापुढे असे निराशेचे शब्द उच्चारणे म्हणजे सैतानाला दार उघडून देणे. आणि प्रार्थनेबरोबर केमोथेरपीही चालू ठेवा असे सांगणारा दोन दगडांवर पाय ठेवतो. कर्करोगाचे निदान झालेल्या घरी तुमच्या मंडळीतले लोक जातात, तासन्‌तास प्रार्थना करतात, असेही तुम्ही लिहिले आहे. तिथे जे बोलले जाते त्यावर त्या आजाऱ्याची पुढची रात्र कशी जाईल हे ठरते, म्हणून सविस्तर लिहितो.

३६५ हा आकडा वर्षाच्या दिवसांशी जुळतो म्हणून सगळीकडे फिरतो, पण मोजायला बसले तर तो भरत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे शब्द कोणाला सांगितले आहेत ते पाहा. मोशे गेल्यावर एकटा पडलेला यहोशवा, देवदूताला पाहून घाबरलेली मरीया, मुलगी गेल्याचा निरोप नुकताच ऐकलेला याईर. सगळे आधीच भ्यालेले. त्यातल्या एकालाही ‘तू भ्यालास म्हणजे तू पापी’ असे म्हटलेले नाही. बहुतेक ठिकाणी पाठोपाठ कारणही दिले आहे: मी तुझ्याबरोबर आहे, मी तुला सावरीन (यशया ४१:१०). हे कारण गाळून नुसते ‘भिऊ नको’ म्हटले की दिलाशाचा हुकूम होतो, आणि आजारी माणूस भीती लपवायला शिकतो. मग तो पाळकांसमोर हसतो आणि रात्री एकटा जागतो.

देवाने आपल्याला भित्रेपणाचा आत्मा दिलेला नाही, हे तुम्ही दिलेले २ तीमथ्य १:७ चे वचन त्याच्या जागी वाचा. पुढच्याच ओळीत पौल सांगतो की प्रभूच्या साक्षीची आणि मी बंदिवान असल्याची लाज धरू नको. विषय सुवार्तेसाठी उभे राहण्याच्या धैर्याचा आहे. बायोप्सीच्या अहवालाची वाट पाहताना हात थरथरण्याचा नाही. हाच पौल करिंथकरांना लिहितो की बाहेर लढाया होत्या आणि आत भीती होती (२ करिंथ ७:५), आणि आशियात जगण्याचीही आशा उरली नव्हती (१:८). हे त्याने मंडळीला जाहीर पत्रात कळवले आहे.

पण माझा मुख्य आधार गेथशेमाने आहे, अटकेच्या रात्री येशूने जिथे प्रार्थना केली ती जागा. मार्क १४ मध्ये येशू व्याकूळ होतो, आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असे तिघा शिष्यांना उघड सांगतो, जागे राहा म्हणून विनवतो. इब्री लोकांस पत्र ५:७ मोठा आक्रोश आणि अश्रू यांचा उल्लेख करते, आणि तेच पत्र ४:१५ मध्ये तो निष्पाप होता असे ठामपणे सांगते. मरणापुढे व्याकूळ होणे हेच पाप असेल तर या दोन ओळी एका पत्रात बसत नाहीत. त्या रात्री त्याचा विश्वास दिसतो तो व्याकुळता घेऊन तो कोणाकडे गेला यात.

त्याच्या प्रार्थनेचा क्रमही पाहा. आधी बापाला हाक, मग तुला सर्व शक्य आहे ही कबुली, मग हा प्याला दूर कर ही सरळ मागणी, आणि त्यानंतर ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’. हे त्याने एकदा म्हणून संपवले नाही. तो तीनदा गेला. आपल्याकडे आजाऱ्याला पहिल्याच दिवशी शेवटच्या वाक्यावर नेऊन ठेवतात. मागणी तोंडातून निघायच्या आत केलेली शरणागती टिकत नाही, पुढचा स्कॅन वाईट आला की ती कोसळते.

पेत्राचे उदाहरण तुम्ही दिलेत: लाटा पाहून भ्याला आणि बुडू लागला. खरे आहे. पण मत्तय १४ मध्ये येशूने आधी हात पुढे करून त्याला धरले आणि मग ‘अल्पविश्वासी’ म्हटले. शिष्यांची नाव वादळात सापडली त्या दुसऱ्या प्रसंगी मार्क आधी वारा शांत झाल्याचे सांगतो आणि मत्तय आधी ‘का भ्यालात?’ हा प्रश्न सांगतो, त्यामुळे क्रमावरून फार मोठा नियम काढता येणार नाही. मात्र या सगळ्या वृत्तान्तांत भ्यालेल्यांना त्याने बुडू दिलेले नाही, एवढे पक्के.

आता विलापाच्या स्तोत्रांविषयी. ‘असे शब्द तोंडातून निघाले की तसेच घडते’ ही शिकवण हल्ली बऱ्याच प्रार्थनासभांत ऐकू येते. ती खरी असती तर दाविदाने आणि कोरहाच्या मुलांनी, म्हणजे मंदिरातल्या गायकांच्या घराण्याने, पिढ्यान्‌पिढ्या इस्राएलावर संकटे ओढवून घेतली असे म्हणावे लागेल, कारण हेच शब्द मंदिरात गायले जात. स्तोत्र २२ चा पहिला चरण तर प्रभूने वधस्तंभावर उच्चारला.

स्तोत्र १३ मध्ये सहाच ओव्या आहेत, म्हणून थकलेल्या माणसाला ते झेपते. पहिल्या दोन ओव्यांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो, ही तक्रार. तिसऱ्या-चौथ्यात मागणी: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझे डोळे उजळ कर. पाचव्या-सहाव्यात तुझ्या दयेवर मी भरवसा ठेवला आहे. वाचताना प्रत्येक टप्प्यावर थांबायचे. पहिल्या दोन ओव्या झाल्या की आजाऱ्याला विचारायचे, सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? उत्तर सहसा ‘मरणाची’ असे नसते. वेदनांची, मुलीच्या लग्नाची, कर्जाच्या हप्त्याची, सुनेवर ओझे होण्याची, केस जाण्याची असते. जे सांगितले जाईल तेच शब्द घेऊन मागणी करायची: ‘प्रभो, उद्याची सुई नीट लागू दे.’ ‘रात्री चार तास झोप दे.’ मोघम मागितले की मोघमच राहते. शेवटच्या दोन ओव्या मात्र आजाऱ्याकडून वदवून घेऊ नयेत. त्याला जमले तर तो म्हणेल, नाही जमले तर उशाशी बसलेल्याने त्याच्या वतीने म्हणाव्यात. मंडळी असते ती यासाठीच. पक्षाघाती माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडले तेव्हा येशूने त्या लोकांचा विश्वास पाहिला, असे मार्क २:५ सांगते.

स्तोत्र ८८ सरसकट कोणालाही वाचून दाखवू नये, हे तुमचे म्हणणे मला अर्धे मान्य आहे. ते अंधारातच संपते, शेवटी उजेडाची ओळ नाही. पहिल्या भेटीत ते नको, शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नको, ज्याला मरणाचे विचार येत आहेत त्याच्याजवळ एकट्याने तर नकोच. ज्याने ‘देव ऐकतच नाही, मी आता प्रार्थना करत नाही’ असे म्हणून तोंड फिरवले आहे, त्याच्यासाठी ते आहे. त्याला कळते की माझ्यासारखे बोलणारा माणूसही शास्त्रात आहे आणि तोही बोलला तो देवाशीच. शस्त्रक्रियेआधी १२१ घ्या. रात्री झोप येत नसेल तर चौथे, त्याची शेवटची ओवी निजण्याचीच आहे. आणि ५६:३ पाठ करून घ्या, ज्यात दावीद भीती वाटते हे मान्य करतो आणि त्याच श्वासात तुझ्यावर भरवसा ठेवीन म्हणतो. पहाटे दोन-तीनला छातीत धडधड सुरू झाली की मोठी प्रार्थना सुचत नाही. तेव्हा श्वास घेताना ‘मला भीती वाटते’ आणि सावकाश सोडताना ‘मी तुझ्यावर भरवसा ठेवतो’, एवढेच दहा-बारा वेळा. दिवा लावून पाय जमिनीवर टेकवावेत, घोटभर पाणी प्यावे.

एलीया संदेष्ट्याकडे पाहा. ईजबेल राणीला भिऊन पळाला, झुडपाखाली पडून मरण मागितले. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले (१ राजे १९). होरेब डोंगरावरचा देवाशी संवाद त्यानंतरचा. रात्रभर जागलेल्या आणि दोन दिवस धड न जेवलेल्या नातेवाइकाला आधी गरम वरणभात द्या आणि दोन तास त्याच्या जागी बसा.

भेटीला जाताना दोघांनीच जावे आणि दहा-पंधरा मिनिटांत उठावे. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, म्हणून संसर्गाचा धोका जास्त असतो. त्या काळात वीस जणांची सभा घरात भरवू नये आणि सर्दी-खोकला असलेल्याने फोनवरूनच प्रार्थना करावी. उपास इतरांनी धरावा, आजाऱ्याने नव्हे. प्रार्थना करताना आजाऱ्याला लावायचे तेल कपाळाला आणि हाताला थेंबभर पुरे. प्राणवायूची नळी चालू असेल तर चेहऱ्याला तेल नको आणि जवळ मेणबत्ती मुळीच नको, तिथे आग झटकन पेटते. रेडिएशन चाललेल्या त्वचेलाही तेल लावू नका. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवले असेल तर प्रभूभोजन नर्सला विचारल्याशिवाय देऊ नये. कॅथलिक घरांत अजून एक अडचण दिसते: फादरना बोलावले तर आजारी माणूस ‘आता संपले’ असे समजेल, म्हणून तैलाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याचा संस्कार, शेवटच्या घटकेपर्यंत लांबवतात. तो संस्कार केवळ मरणोन्मुखांचा नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट केले आहे. मोठ्या शस्त्रक्रियेआधीही तो घेता येतो आणि पुन्हाही घेता येतो.

‘तू बरा होणारच’ असे देवाच्या नावाने सांगू नका. देव बरे करतो हे मी मनापासून मानतो, आणि तसे मागायला सांगतो. पण आश्वासन आपल्या खिशातून दिले आणि आजार परतला, तर त्या माणसावर आजार, भीती आणि ‘माझाच विश्वास कमी पडला’ हा दोष अशी तीन ओझी पडतात. ईयोबाचे मित्र सात दिवस जमिनीवर गप्प बसले तोवर बरोबर होते. तोंड उघडून कारण शोधू लागले तिथे बिघडले, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोषी ठरवले.

औषधाचे थोडक्यात. हिज्कीया राजाची प्रार्थना देवाने ऐकली, १५ वर्षे वाढवून दिली, आणि त्याच प्रसंगी यशयाने गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगितले (२ राजे २०). पौलाच्या हातून आजारी बरे झाले, तरी आपला सोबती त्रफिम याला त्याने मिलेत गावी आजारी सोडले, आणि प्रिय वैद्य लूक पौलाबरोबर होता. आपल्या घरचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, पुण्यात प्लेग आला तेव्हा केडगावच्या जमिनीवर मुक्काम हलवला, आणि तिथे प्रार्थना चालली तशाच विहिरीही खोदल्या गेल्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, तोवर त्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम करत होत्या. त्या विश्वासात कमी पडल्या असे तुम्हीही म्हणणार नाही.

म्हणून तुमच्या मंडळीला कळकळीची विनंती आहे: केमोचा एकही हप्ता ‘विश्वासाने’ सोडायला सांगू नका. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर त्याच तासाला रुग्णालय गाठा, गाडीत प्रार्थना करा. आणि भीतीच अशी वाढली की सलग काही रात्री झोप नाही, अन्न जात नाही, किंवा ‘मी असून काय उपयोग’ असे शब्द येऊ लागले, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोन-सेवा १४४१६ वर दिवसरात्र आहे आणि मराठीत बोलता येते. अशा वेळी एकाने आजाऱ्याजवळ बसून राहावे, दुसऱ्याने फोन लावावा, आणि पाळकांना त्यानंतर कळवावे.