तुरटीनं पाणी नितळतं, जंतू मरत नाहीत

कृष्णा-वारणेला पाणी वाढलं की सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर हा मेसेज हमखास येतो : 'टीसीएल टाकू नका, कॅन्सर होतो. तुरटी फिरवा, पाणी शुद्ध. एवढे पूर आले, कुठं पटकी पसरली?'

टीसीएल म्हणजे पाण्यातले जंतू मारणारी क्लोरीनची ब्लीचिंग पावडर; पटकी म्हणजे कॉलरा. तुरटीपासून सुरू करू. तुरटी गाळाचे कण एकत्र करून तळाला बसवते. काही जंतू त्यासोबत खाली जातात, उरलेले नितळ पाण्यात तसेच राहतात. तरी तुरटी हवीच, पण टीसीएलच्या आधी. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो.

कॅन्सरचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. कुजक्या पाल्यापाचोळ्याशी क्लोरीनचा संयोग होऊन काही घातक संयुगं बनतात. पण तो धोका वर्षानुवर्षं पाणी पिण्याचा, आणि फार थोडा. पटकी काही तासांत माणूस आडवा करते.

खरी गफलत तिसऱ्या वाक्यात आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी 40 फूट ही पुराची इशारा पातळी, 45 धोक्याची. चाळिसाला जनावरं हलवली आणि एकही वाहून गेलं नाही, तर 'उगीच हलवली' असं कोण म्हणेल? रोगाचा बंदोबस्तही असाच : जमला तर दाखवायला काहीच उरत नाही.

आता विहिरीत टीसीएल किती टाकायचं, ते माप. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 0.785, सगळं मीटरमध्ये; येईल त्याला हजारानं गुणलं की लिटर. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 4 मीटर पाणी असेल तर सुमारे 28,000 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम धरून 140 ग्रॅम टीसीएल. पुराचं पाणी शिरलेली विहीर मात्र आधी उपसून गाळ काढायची.

पावडर थेट विहिरीत ओतायची नाही. बादलीमागं 100 ग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे इथं दोन बादल्या. आधी थोड्या पाण्यात लगदा करा, मग बादली भरून ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढून विहिरीत सोडा, दोरीनं बादली वरखाली करत. तळाचा चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं. तो बाहेर टाका. तासभर उपसा बंद.

एवढं करूनही फसतं ते बहुधा पोत्यामुळं. तोंड उघडं राहिलं, ओल लागली की क्लोरीन उडतो. माप बरोबर, हाती नुसता चुना. म्हणून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का हे रंगावरून पाहायची चाचणी, टाकीपाशी नव्हे, शेवटच्या घराच्या नळावर करायची. पाण्यात ओटीच्या औषधाचे थेंब पडताच दहा सेकंदांत पिवळा रंग आला नाही, तर पोतं बदला.