लाईन रात्री होती, सर

आज जेवणं झाल्यावर पोरगी आतल्या खोलीत दार लोटून बसलेली. मी चार्जर शोधत गेलो तर हिच्यासमोर एक कागद, हातात तीन पेनं. निळं, काळं, जांभळं. "21 दिवसांत सवय लावा" असल्या एकवीस चौकोनांच्या तक्त्यात ती टिक करत होती. पहिल्या दिवसाची निळ्याने, दुसऱ्याची काळ्याने, तिसऱ्याची जांभळ्याने. म्हणजे रोजच्या रोज केल्यासारखं दिसावं!

मी म्हटलं, बेटा हे काय? तर रडायलाच लागली. नववीतली पोरगी, घरात आवाज तिचाच सगळ्यात मोठा, ती तोंडावर ओढणी घेऊन रडतेय. संक्रांतीच्या दिवशी पाहुणे आले, झोपायला बारा वाजले, दुसरा दिवस हुकला. आणि कागदावर खाली ठळक अक्षरात छापलंय: "एक दिवस चुकला तर पुन्हा दिवस 1 पासून!"

आता गंमत ऐका. तो कागद मीच छापलाय.

म्हणजे झेरॉक्स माझ्या दुकानात काढलेत. 240 प्रती. बारा जानेवारीला युवा दिनानिमित्त इथे अमळनेरच्या एका शाळेत "सवयी बदला, आयुष्य बदला" असं व्याख्यान होतं. वक्ते बाहेरगावचे, कोट घातलेले, गळ्यात माईक अडकवलेला. मी गठ्ठा द्यायला गेलो आणि मागच्या बाकावर टेकलो. (240 रुपये अजून आलेले नाहीत. येतील. शाळेचं बिल आहे, निवांत येईल.)

पाच दिवस गप्प बसलो. आज पोरीचं बघितलं आणि राहवेना, म्हणून लिहितोय. मोठं होईल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ पुढे जावं, राग नाही.

तर व्याख्यान. साहेबांनी विचारलं, पहाटे पाचला कोण कोण उठतं, हात वर करा. दहा-बारा हात वर. मग नजर गेली तिसऱ्या रांगेतल्या एका पोरावर. दहावीचा, खेड्यावरून एसटीने येणारा. मान छातीवर पडलेली, चक्क झोपलेला. त्याला उभं केलं. "काय राजे, रात्री किती वाजेपर्यंत मोबाईल?" पोरं हसली. पोरगं डोळे चोळत म्हणालं, "लाईन रात्री होती, सर."

साहेबांना कळलंच नाही. म्हणे, "लाईन? अरे लाईन दहावीनंतर मारायची!" अख्खा हॉल खिदळला. त्या पोराचे कान लालबुंद झाले. तो काही बोलला नाही. खाली बसला आणि बाकावर नखाने काहीतरी कोरत राहिला.

आपल्यापैकी कोणाला समजावून सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. शेतीच्या पंपाला थ्री फेज लाईन (म्हणजे वीज) पाळीने येते, बऱ्याच ठिकाणी एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. जानेवारीत गव्हाला पाणी भरायचं तर बापाबरोबर पोरगं जातं. एक जण मोटारीजवळ, एक जण बारं मोडायला, म्हणजे एका वाफ्यातलं पाणी दुसऱ्यात वळवायला. अंगावर शाल, हातात बॅटरी, पाय गार चिखलात. ते पोरगं पाचला उठत नव्हतं साहेब, पाचला घरी येत होतं! आणि आठच्या एसटीने शाळेत आलं. त्याला तुम्ही सवय शिकवणार?

जाऊ दे. चढतोय पारा. पाणी पिऊन आलो.

मला त्या वेळी आठवली आमची दुधाची वही.

1992 साल. मी तेरा वर्षांचा. घरी दोन म्हशी. संध्याकाळी किटली घेऊन डेअरीवर मी जायचो. दर दहा दिवसांनी पैसे मिळायचे. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सही सोडून काही लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्याकडे काम दिलं: रोज किती लिटर, फॅट किती, ते वहीत उतरवायचं. मी आठवडाभर उत्साहाने लिहिलं आणि मग विसरायला लागलो. खेळायची घाई. आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी एक केलं. वहीला वरून भोक पाडलं, सुतळी ओवली, तिलाच पेन्सिलीचा तुकडा बांधला आणि ती वही स्वयंपाकघरातल्या त्याच खुंटीवर अडकवली जिथे किटली टांगायचो. किटलीच्या वरून. म्हणजे किटली टांगायची किंवा काढायची तर वही हाताला लागलीच पाहिजे. बस्स. भाषण नाही, तक्ता नाही. मी विसरूच शकलो नाही.

आता त्या 21 दिवसांबद्दल. हा आकडा कुठून आला ते मी मागे वाचलं होतं. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचा अमेरिकेतला प्लास्टिक सर्जन होता. नाकाचं वगैरे ऑपरेशन केल्यावर पेशंटला आरशातल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान 21 दिवस लागतात, असं त्याने 1960 मध्ये लिहिलं. "निदान" हा शब्द वाटेत कुठेतरी गळाला आणि नाकाचा हिशोब आपल्या पोरांच्या अभ्यासाला लागला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात 96 जणांना बारा आठवडे खरोखर तपासलं. 2009 मध्ये ते प्रसिद्ध झालं. सवय अंगवळणी पडायला कोणाला 18 दिवस, तर कोणाला 254 दिवस लागतील असा हिशोब निघाला. मधला आकडा 66. आणि त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे, एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही. लोकांनी सवय कशी लावली होती? नाश्ता झाला की हे, जेवण झालं की ते. रोजच्या कुठल्यातरी गोष्टीला बांधून. म्हणजे खुंटी आणि किटलीच की!

इथे ते शास्त्रज्ञ आणि इथे माझा अंगठ्याऐवजी कशीबशी सही करणारा बाप. असो.

पण "चुकला तर पुन्हा पहिल्यापासून" हा नियम ज्याने काढला त्याच्या घरी लहान पोरं नसावीत. चौदा वर्षांच्या पोराला अशी अट घातली की दोनच गोष्टी होतात. एक तर तो चौथ्या दिवशी कागद फाडून फेकतो आणि "आपल्याच्याने होत नाही" असं कायमचं मनात धरतो. नाहीतर तीन पेनं घेऊन बसतो. आम्ही पोरांना सवय लावायला निघालो आणि लावली कसली, तर खोटी टिक करायची.

हां, एक मान्य करतो. साहेबांचं सगळंच चुकीचं नव्हतं. मोबाईल उशाशी घेऊन झोपू नका म्हणाले, ते शंभर टक्के बरोबर. आणि पहाटे उठणं वाईट आहे असं मी कुठे म्हणतोय? मी स्वतः साडेपाचला उठतो. पण मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे आणि रात्री साडेनऊला माझे डोळे मिटतात. या वयातल्या पोरांच्या शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, झोप उशिरा येते, आणि त्यांना आठ ते दहा तास लागतात. चौथीपर्यंतची शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सरकारने 2024 मध्ये सांगितलं, मोठ्या पोरांचा विचार कोणी केला? आणि आपल्याकडचा उन्हाळा! एप्रिल-मेत दिवसा 44-45, रात्री बारापर्यंत गच्चीची फरशी पाठीला चटके देते. एकच्या पुढे जरा वारा सुटतो. त्या पोराला पाचला उठवून "यशस्वी लोक" सांगायचं? बरं.

पुन्हा वहीकडे येतो, कारण खरी गोष्ट पुढेच आहे.

त्याच वर्षी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माय माहेरी निघाली, मीही शेपटासारखा गेलो. तीन दिवस. झोके, सांजोऱ्या, मामांचा पत्त्यांचा डाव बघणं. वही डोक्यातच नव्हती. आप्पा एकटेच घरी, दूध घालून येत होते, पण लिहिणार कोण? पुढच्या हिशोबात नेमके त्या तीन दिवसांचे चार लिटर कमी लागले. आप्पांच्या तोंडपाठ होतं किती घातलं ते. पण डेअरीवरचा माणूस म्हणाला, वहीत दाखवा. वहीत तीन ओळी कोऱ्या.

मी दारामागे उभा होतो. थापड बसणार हे नक्की होतं. आप्पांनी खुंटीवरून वही काढली, मला समोर बसवलं, सुतळीची पेन्सिल घेतली आणि त्या तीन कोऱ्या ओळींवरून एक आडवी रेघ ओढली. वाकडी. पेन्सिल धरायची सवय नव्हती ना. मग पेन्सिल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "राह्यनं ते राह्यनं भो. आजनं लिख."

एवढंच. चार लिटरचे पैसे गेले होते, त्या घरात ते थोडे नव्हते. "पुन्हा पहिल्यापासून" म्हणाले असते तर मी ती वही विहिरीत टाकली असती. त्यानंतर मी दहावीपर्यंत लिहीत होतो. आजही दुकान बंद करताना कुलपाच्या खिळ्याला वही टांगलेली असते. दिवसाचा गल्ला लिहिल्याशिवाय कुलूप हाताला येत नाही. बायको हसते.

आपलं अमळनेर तर साने गुरुजींचं गाव म्हणवतं. 1924 ते 1930 ते इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते, छात्रालय सांभाळत होते. पोरांची अंथरुणं अस्ताव्यस्त पडलेली असली तर गुरुजी स्वतः घड्या घालून ठेवायचे. पोरांना आपोआप लाज वाटायची आणि पोरं स्वतः घालायला लागायची. ही गोष्ट आपण दरवर्षी भाषणात सांगतो आणि त्याच माईकवरून झोपलेल्या पोराला उभं करून हसतो. त्या दिवशी मीही हसलो होतो थोडा. "लाईन" वर. खरं तेच सांगतो. मला माहीत होतं तो काय म्हणतोय, आणि मी मागच्या बाकावरून उठून "अहो, तो पाणी भरून आलाय" असं म्हणू शकत होतो. म्हटलं नाही. बिल अडकलं असतं म्हणून नाही, असं मी स्वतःला सांगतोय.

आणि त्या वक्त्यावर तरी किती राग धरू? तिशीतला पोरगा. कोणीतरी त्याला शिकवलेलं तेच तो गावोगाव विकतोय. संध्याकाळी स्टँडवर एकटाच वडापाव खाताना दिसला, कोट हातावर घेतलेला. बिचारा वाटला. पण कागद मात्र चुकीचा आहे तो आहेच.

मोबाईलचं सांगतो, तेही वहीसारखंच. आमच्याकडे पोरीला दहा वेळा ओरडून झालं. आता रात्री साडेनऊला सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात, फ्रीजवरच्या एकाच चार्जिंग बोर्डाला. सगळ्यांचे म्हणजे माझाही. पहिले चार दिवस चोरून उठणारा कोण होता, विचारू नका. (आत्ता ही पोस्ट मी स्वयंपाकघरात फ्रीजला टेकून उभ्यानेच लिहितोय. सव्वाअकरा वाजलेत. हो, मोडला आज नियम.) आपण फोन घेऊन संडासात अर्धा तास बसायचं आणि पोरांना संयम शिकवायचा, हे काही जमत नाही भाऊ.

तर मघाशी पोरगी रडत होती. तिला मी आप्पांची गोष्ट सांगितली. तिने आधी दहादा ऐकलेली आहे, म्हणून वाकडं तोंड केलं. तक्त्यात नऊ गोष्टी होत्या: पाचला उठणं, थंड पाण्याने अंघोळ, ध्यान, कृतज्ञता वही, काय काय. म्हटलं यातली तुला खरंच हवी असलेली कोणती? बराच वेळ विचार करून म्हणाली, गणित. रोज दोन उदाहरणं. मग ठरवलं, जेवणाचं ताट मोरीत ठेवलं की लगेच, ओट्याजवळच्या स्टुलावर बसून, दोनच. गणिताची वही आता ताटांच्या मांडणीवर राहणार आहे. तिच्या आईला ते पसंत नाही, तेलाचे डाग पडतील म्हणते. पडू देत.

मग मी तिच्या हातातलं जांभळं पेन घेतलं आणि त्या खोट्या टिकांवरून रेघ ओढली. उभ्या उभ्या, कागद गुडघ्यावर धरून.

"वाकडी आली, पप्पा."

म्हटलं, येऊ दे.

उद्या रविवार. आठपर्यंत उठवू नका म्हणून सांगून झोपली आहे.