डळमळणाऱ्या पोराला घरी पाठवायचं का?

सप्रेम नमस्कार.

हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या वायुसेना अकादमीत मागे पडणाऱ्या प्रशिक्षणार्थी वैमानिकांवरचा माझा लेख तुम्हाला भाबडा वाटला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की आत्मविश्वास उपजत असतो, खुर्चीत बसून घोकंपट्टी केल्याने तो येत नाही. जो कॉकपिटमध्ये डळमळतो त्याला वेळीच काढावं, कारण प्रश्न देशाच्या पैशाचा आणि माणसांच्या जिवाचा आहे.

काढावं लागतं, यात वाद नाही. काढतातही. जादा सॉर्टी, म्हणजे सरावाची उड्डाणं, आणि चाचणीची उड्डाणं देऊनही जमलं नाही, तर मुलगा फ्लाइंगमधून बाहेर पडतो. कुणी दुसऱ्या शाखेत जातो, कुणी ग्राउंड ड्युटीला, म्हणजे जमिनीवरच्या कामाला. तिथे भावनेला थारा नाही आणि नसावाच.

‘उपजत’ मात्र पटत नाही. दुंडिगलला पोचलेला प्रत्येक प्रशिक्षणार्थी वैमानिक निवडीच्या वेळी वैमानिकाची कल चाचणी पास झालेला असतो, आणि ती चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. म्हणजे हात, डोळे आणि डोकं यांचा मेळ आधीच तपासून घेतलेला. मग तीच पोरं हवेत का गडबडतात?

सर्किट म्हणजे उडून, रनवेभोवती फेरी मारून पुन्हा उतरणं. त्यातल्या डाउनविंड लेगवर, म्हणजे रनवेला समांतर उलट दिशेने जाताना, काय होतं ते बघा. उंची हजार फूट, डावीकडे रनवे. उंची राखायची, उतरण्याआधीचे चेक्स (ठरलेल्या क्रमाने करायच्या तपासण्या) करायचे, रेडिओवर कॉल द्यायचा, पुढच्या विमानावर नजर ठेवायची. कच्च्या मुलाला चेक्स आठवावे लागतात. तेवढ्यात शंभर फूट जातात. मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरचा आवाज येतो, ‘हाइट!’ ती सावरेपर्यंत कॉल राहतो, रनवेकडे नेणाऱ्या बेस लेगचं वळण उशिरा सुरू होतं, फायनलला, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, विमान रनवेच्या रेषेबाहेर जातं आणि शेवटी धपकन आपटतं. उड्डाणानंतरच्या डीब्रीफिंगला पोरगा म्हणतो, ‘सर, लँडिंगच जमत नाही.’ अरे, लँडिंगचा यात काय दोष? बिघडलं ते वर, चेक्स आठवताना!

खुर्चीचं लिहिलं ते यासाठीच. रात्री खोलीत डोळे मिटून बसायचं, उजव्या हातात नसलेली स्टिक, डाव्यात नसलेला थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा), तोंडाने चेक्स म्हणायचे आणि त्याच वेळी हात नेमक्या त्या स्विचपाशी न्यायचा. घोकंपट्टी म्हणा हवं तर. हात आपोआप चालायला लागले की डोकं बाहेर बघायला मोकळं होतं. धीर सुटलेल्या पोराला तेवढी मोकळीक मिळाली की त्याचा आवाजसुद्धा बदलतो, रेडिओवर ऐकू येतं ते.

नजरेचंही तसंच. जमीन जवळ आली की घाबरलेला मुलगा नाकासमोरच्या डांबराकडे बघतो. खड्ड्याकडे बघत राहिलं की स्कूटर खड्ड्यातच जाते, तसं. रनवेच्या दूरच्या टोकाकडे बघितलं तर उंचीचा अंदाज बराच सुधारतो.

अर्धी जबाबदारी शिकवणाऱ्याची, हे तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही. २००९ साली उड्डाणं बंद झालेल्या एचपीटी-३२ या प्रशिक्षण विमानामध्ये दोघं शेजारी बसायचे. इन्स्ट्रक्टरचा चेहरा दिसायचा, त्याचा निवांत हातही दिसायचा. २०१३ पासूनच्या पिलाटस पीसी-७ मध्ये तो मागे असतो, त्यामुळे मुलाच्या वाट्याला फक्त आवाज येतो. प्रत्येक बारीक चुकीवर तो आवाज आला, की पोरगा विमान उडवायचं सोडून पुढच्या ओरड्याची वाट बघत बसतो. डळमळणाऱ्या मुलाबरोबर अख्खं सर्किट गप्प बसणं हे इन्स्ट्रक्टरचं अवघड काम. काहींना आवाज चढवणं म्हणजेच शिकवणं वाटतं, त्यांच्याशी माझं कधी जमलं नाही.

आता जिवाचं. अ‍ॅप्रोच, म्हणजे उतरण्यासाठी रनवेकडे येणं, बिघडलाय हे ओळखून, कुणी न सांगता थ्रॉटल पुढे सारून ओव्हरशूट करणारा, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणारा मुलगा तुमच्या मते डळमळला. माझ्या मते तो सोलोच्या, म्हणजे एकट्याने उडण्याच्या, जवळ आला. वाकडा अ‍ॅप्रोच रेटून नेणाऱ्या बेधडक पोराला मी विमान एकट्याने देणार नाही.

आणि सगळे काही फायटरला जात नाहीत. पहिल्या टप्प्यानंतर वाटा फुटतात. तुम्हाला ज्याला घरी पाठवायचंय, तो पुढे सियाचिनच्या हेलिपॅडवर चीता हेलिकॉप्टर उतरवणाऱ्यांतला असू शकतो.